यशाचा धनी

एखाद्या शब्दाचा अर्थ बदलूं लागला म्हणजे समाजाच्या मनांत कांहीं तरी हाललें आहे असें खुशाल समजावें. ‘यश’ हा आपल्या भाषेंतील असाच एक शब्द आहे. संस्कृतांत यश म्हणजे कीर्ति. आणि कीर्ति ही नेहमीं दुसऱ्याच्या तोंडीं असते, ज्याची ती असते त्याच्या तिजोरींत ती राहत नाहीं. निर्जन बेटावर एकट्यानें राहणाऱ्या मनुष्याला या अर्थानें यशस्वी होतां येणें शक्यच नाहीं. मराठी बोलींत तर या शब्दाचा याहूनहि सुंदर उपयोग होता. एखाद्या वैद्याविषयीं किंवा सुइणीविषयीं आपल्या आज्या म्हणत, ‘तिच्या हाताला यश आहे.’ याचा अर्थ सुइणीचें घर मोठें किंवा तिच्या अंगावर सोनें पुष्कळ, असा कोणीहि करीत नसे. तिच्या हातून बाळंतीण सुखरूप सुटते, एवढाच तो अर्थ. यश सुइणीच्या हाताला आणि जीव बाळंतिणीचा! यशाचा धनी एक आणि त्याचें फळ भोगणारा दुसरा, ही वांटणी तेव्हां कोणास विचित्र वाटत नसे.

इंग्रजी विद्या आली आणि तिच्याबरोबर यशाची नवी व्याख्याहि आली. सॅम्युअल स्माइल्सचें ‘सेल्फ-हेल्प’ हें पुस्तक १८५९ सालीं प्रसिद्ध झालें. त्यांतील उद्योगी कारागिरांच्या आणि यंत्रकारांच्या कथांनीं दोन-तीन पिढ्यांचीं मनें घडविलीं. स्माइल्सवर अन्याय करण्याची माझी इच्छा नाहीं. आळस, व्यसन आणि दैववाद यांच्याशीं झगडणाऱ्या मनुष्याला त्यानें धीर दिला, आणि जन्मानें ज्यांच्या पदरांत कांहींच पडलें नव्हतें अशांना तर तो धीर फार मोलाचा वाटला असला पाहिजे. परंतु त्या शिकवणीची एक स्वस्त आवृत्ति आपण उचलली : जो स्वतःच्या पायांवर उभा राहिला तो यशस्वी, आणि ज्याला कोणाचाच हात धरावा लागत नाहीं तो सर्वांत यशस्वी. महाविद्यालयांच्या पारितोषिक-समारंभांत पाहुणे म्हणून येणारे गृहस्थ बहुधा नेमानें हेंच सांगतात. ‘मी कोणाच्याहि मदतीवांचून येथवर आलों,’ असें ते म्हणतात. आणि पहिल्या रांगेंत बसलेल्या त्यांच्या पत्नी शांतपणें टाळ्या वाजवितात.

ज्याचें कोणावांचून अडत नाहीं तो खरोखर सुखी असतो काय, आणि त्याचा दयाळूपणा कशावर जगतो, हा प्रश्न केवळ ग्रंथांत शोधण्यापेक्षां एखाद्या मुलखाला विचारून पाहावा असें मला वाटतें. पुणें जिल्ह्याच्या आग्नेयेस बारामती व इंदापूर हे दोन तालुके आहेत. दीडदोनशें वर्षांत दारिद्र्यापासून समृद्धीपर्यंतच्या सर्व पायऱ्या या मुलखानें पाहिल्या आहेत, आणि त्याच्या निरनिराळ्या भागांत त्या अजूनहि एकाच वेळीं पाहावयास मिळतात.

प्रथम बारामती गांवांतीलच एक उदाहरण घेऊं. कऱ्हेच्या कांठीं बाबूजी नाइकांचा वाडा आहे. नाईक हें मातबर सावकार घराणें; पेशव्यांशीं सोयरीक असलेलें आणि त्यांना कर्ज देणारें. १७४० सालीं पहिले बाजीराव वारले तेव्हां पेशवेपद आपणांस मिळावें म्हणून बाबूजींनीं खटपट केली, आणि नागपूरकर रघूजी भोसल्यांनीं ती बाजू उचलून धरली. शाहू महाराजांनीं तें पद बाजीरावांचे पुत्र नानासाहेब यांस दिलें. आजच्या मापानें पाहिलें तर बाबूजींच्या आयुष्यांतील हें सर्वांत मोठें अपयश. परंतु याच नाइकांच्या आश्रयानें मोरोपंत बारामतीस राहिले, आर्यावृत्तांत संपूर्ण महाभारत आणि कितीएक रामायणें त्यांनीं रचलीं, आणि १७९४ सालीं ते तेथेंच वारले. इतिहासाचे अभ्यासक सोडले तर १७४० ची ती खटपट आज कोणाच्या स्मरणांत नाहीं. नाइकांचें नांव लोकांच्या तोंडीं राहिलें आहे तें एका पुराणिक कवीला त्यांनीं घर आणि अन्न दिलें म्हणून. ‘आश्रय’ हा शब्द आजच्या कानाला खटकतो, हें मला कळतें. आश्रित आणि आश्रयदाता यांत समता नसते. तथापि गरज दोघांनाहि होती. पंतांना पोट होतें, आणि वाड्यांत पुराण सांगणारा कोणी नसेल तर तो वाडा नाइकांनाहि ओका वाटला असता. मला या ठिकाणीं महत्त्वाची वाटते ती ही दुहेरी गरज.

आतां वाड्यांतून शेतांत येऊं. सह्याद्रीच्या माथ्यावर कोसळणारा पाऊस पूर्वेस येतां येतां थकून जातो. बारामतीच्या उत्तर भागांतील सुपें-मोरगांवकडची जमीन काय किंवा इंदापुराकडील माळ काय, बाजरी-ज्वारी पिकली तर पिकली, अशी तेथील पूर्वापार स्थिति. अशा मुलखांत एकट्यानें शेती करणें ही कल्पनाच वेडेपणाची. ज्याच्या घरीं दोनच बैल तो शेजाऱ्याशीं सावड करी. तुझे दोन माझे दोन मिळून नांगर चाले. एखाद्याचें रान पडून राहिलें, तर तो इर्जिक घाली. गांवचीं आउतें एका दिवशीं त्याच्या शेतांत उतरत, आणि संध्याकाळीं तो सर्वांना यथाशक्ति जेवूं घाली. मजुरी कोणी मागत नसे. पीठ, मीठ, बियाणें, लग्नांतील भांडीं, सर्व उसनवारीवर. जुन्या माणसांच्या आठवणींत हा काळ फार गोड असतो, आणि ‘तेव्हां माणुसकी होती’ हें वाक्य त्यांच्या तोंडीं वरचेवर येतें.

होती, हें मला मान्य आहे. पण ती कशावर उभी होती तें पाहिलें पाहिजे. आज तुझ्या शेतांत मी आलों नाहीं तर उद्यां माझ्या शेतांत तूं येणार नाहींस, हें प्रत्येकास ठाऊक होतें. तीं माणसें आपल्याहून अंतःकरणानें थोर होतीं असें मानण्यास पुरावा नाहीं. क्रोपोत्किननें १९०२ सालीं परस्पर-साहाय्यावर ग्रंथ लिहिला त्यांत त्यानें दाखविलें कीं, निसर्ग कठोर असतो तेथें झगड्यापेक्षां सहकार्यानेंच प्राणी आणि माणसें टिकतात. आमच्या जिराइती गांवांना तें पुस्तक वाचण्याची गरज नव्हती.

ही माणुसकी गरजेवर किती अवलंबून होती याचा दाखला सावकारीच्या इतिहासांत मिळतो. कंपनी सरकारच्या अमलांत या भागाची पहिली आकारणी जड झाली, शेतें ओस पडलीं, आणि मग गोल्डस्मिड व विंगेट यांनीं १८३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यापासूनच सुधारलेली जमाबंदी सुरू केली. पुढें मुंबई इलाख्यांत सर्वत्र पसरलेल्या पद्धतीचा हा आरंभ होय. तींत शेतकऱ्याशीं सरकारचा संबंध वैयक्तिक झाला. आणि दिवाणी न्यायालयें आलीं तेव्हां सावकाराचा संबंधहि कागदी झाला. पूर्वींचा सावकार कांहीं संत नव्हता. परंतु कुळ बिथरलें आणि गांव त्याच्या मागें उभा राहिला तर वसुली होणें कठीण, हें जाणून तो दुष्काळांत हात आखडता घेई. न्यायालयाचा हुकूमनामा हातीं आल्यावर त्याचें गांवावांचून कांहीं अडेना. मर्यादा सुटली ती येथें. अमेरिकेंतील यादवी युद्ध संपून कापसाचे भाव कोसळले, तीस वर्षांच्या मुदतीनंतर सारा वाढला, आणि १२ मे १८७५ रोजीं सुप्याच्या बाजारांत लोकांनीं सावकारांचीं खतें आणि रोखे हिसकावून जाळले. त्या दंग्यांत माणसांच्या जिवावर हात फारसा टाकला गेला नाहीं. लोकांचा राग होता तो कागदावर. १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा त्यांतून निघाला. जी मर्यादा पूर्वीं परस्परांची गरज राखीत होती, ती आतां कायद्यानें राखावी लागली.

जुन्या माणुसकीचा दुसरा दोष याहून मोठा. तिला वेस होती. सावडींत कोणाला घ्यावयाचें आणि पंगतीला कोणाला बसवावयाचें हें जात ठरवी. महाराच्या श्रमावांचून गांवाचें पदोपदीं अडे, आणि तरी गांवच्या विहिरीवर त्याला पाणी भरतां येत नसे. महाडच्या चवदार तळ्यावर १९२७ सालीं जो सत्याग्रह झाला तो या वेशीविरुद्ध होता. म्हणून केवळ गरज माणुसकी निर्माण करते असेंहि म्हणतां येत नाहीं. ज्याची गरज आहे तो बरोबरीचा माणूस आहे हें मान्य व्हावें लागतें. मागील काळाचे गोडवे गातांना ही गोष्ट सोईस्करपणें विसरली जाते, आणि विसरणारे बहुधा वेशीच्या आंतले असतात.

मग पाणी आलें. भाटघरच्या धरणाच्या पाण्यावर चालणारा नीरेचा डावा कालवा १८८५ च्या सुमारास वाहूं लागला. सासवडकडील माळी बागाइतदारांनीं खंडानें जमिनी घेऊन ऊंस लावला. पुढें वालचंद हिराचंद यांनीं इंदापूर तालुक्यांत कळंबच्या माळावर वालचंदनगर वसविलें. आणि स्वातंत्र्यानंतर माळेगांव, सोमेश्वरनगर, भवानीनगर येथें सहकारी साखर कारखाने उभे राहिले. अन्न आलें, शाळा आल्या, मुलींचीं शिक्षणें झालीं. या समृद्धीकडे पाहून नाक मुरडणारा मनुष्य एक तर ढोंगी असावा किंवा त्यानें दुष्काळ पाहिलेला नसावा. पाणी येतांच सावड आणि इर्जिक मात्र नाहींशीं झालीं. त्यांचें काम ट्रॅक्टर तासावर करतो आणि पैसे घेऊन निघून जातो. कोणाचें मन वाईट झालें असें नव्हे. कारण उरलें नाहीं.

माझा एक जुना विद्यार्थी कालव्याखालीं बागाइती करतो. तीस एकर जमीन, स्वतःची बोअर, स्वतःचा ट्रॅक्टर, पुण्यांत सदनिका, मुलगा परदेशीं. एकदां भेटला तेव्हां त्यानें मोठ्या समाधानानें सांगितलें, ‘सर, आतां आपलं कुणावाचून अडत नाही.’ मला आनंद झाला. त्याच्या वडिलांचें सर्वांवांचून अडे, हें मला ठाऊक होतें. पुढें तासभर तो बोलला तें मात्र निराळें होतें. गांवांत कोणी येत-जात नाहीं. मुलाचा फोन रविवारीं येतो. झोप लागत नाहीं. पंचायतीच्या कामांत पूर्वीं आपला सल्ला विचारीत, आतां विचारीत नाहींत. ही सर्व तक्रार एका वाक्यांत सांगतां आली असती : माझ्यावांचून कोणाचें अडत नाहीं. पण पहिल्या वाक्याचाच हा दुसरा भाग आहे असें त्याला वाटलें नाहीं, आणि पाहुण्यासारखा गेलेला मी तें सांगण्याच्या भरीस पडलों नाहीं.

अॅरिस्टॉटलनें आपल्या नीतिशास्त्रांत उदारचरित पुरुषाचें चित्र काढलें आहे. हा पुरुष दुसऱ्यावर उपकार करण्यांत आनंद मानतो, पण दुसऱ्याचा उपकार घेतांना त्याला लाज वाटते. कारण देणारा श्रेष्ठ आणि घेणारा कनिष्ठ. विद्यार्थिदशेंत हें चित्र मला फार भव्य वाटे. वय वाढत गेलें तसें तें मला थोडें थंड वाटूं लागलें आहे. ज्याला घेतां येत नाहीं त्याचें देणें हा एक प्रकारचा कर असतो. तो भरला कीं संबंध संपला. याच अॅरिस्टॉटलनें मैत्रीवर दोन संपूर्ण भाग लिहिले, आणि सर्व संपत्ति मिळाली तरी मित्रांवांचून जगणें कोणी पसंत करणार नाहीं असें सांगितलें, हें त्याच्या मोठेपणाचें लक्षण. आधुनिक संशोधनहि याच वाटेनें गेलें आहे. हार्वर्ड येथें १९३८ सालीं तरुणांच्या एका गटाचा जन्मभर अभ्यास करण्याचें काम सुरू झालें, तें अजून चालू आहे. उतारवयांतील आरोग्य आणि समाधान यांचा संबंध पैसा व प्रतिष्ठा यांहून आप्तस्नेह्यांच्या जिव्हाळ्याशीं अधिक जवळचा आहे, असा त्याचा निष्कर्ष. एवढ्यासाठीं ऐंशीवर वर्षें खर्चावीं लागलीं याचें कोणी हंसूं करील. पण जी गोष्ट सर्वांना ठाऊक असते तीच कोणी आचरीत नाहीं, तेव्हां ती पुन्हां मोजून दाखविण्यांत कांहीं वाईट नाहीं.

माझा खरा आक्षेप याहून निराळा आहे. ‘माझें कोणावांचून अडत नाहीं’ हें वाक्य असुखकारक तर आहेच, पण तें खरेंहि नाहीं. बारामतीच्या बागाइतदाराच्या पाटांत येणारें पाणी भोर तालुक्यांतील भाटघरच्या जलाशयांतून येतें. त्या जलाशयाखालीं शेतें गेलीं. उन्हाळ्यांत पाणी उतरलें म्हणजे वेळवंडजवळ एक जुनें देऊळ वर येतें. इंदापूर तालुक्याच्या उत्तर बाजूस असेंच दुसरें दृश्य आहे. भीमेवरील उजनी धरण १९८० सालीं पूर्ण झालें आणि त्याच्या फुगवट्यांत भीमाकांठचीं गांवें गेलीं. तेथें पळसदेवच्या जुन्या देवळाचें शिखर उन्हाळ्यांत पाण्याबाहेर दिसूं लागतें आणि लोक नावेंतून तें पाहावयास जातात. थोडें वर भिगवणला रोहित पक्षी येतात, त्यांनाहि पाहणारे पुष्कळ असतात. भोरकरांच्या बुडालेल्या जमिनीवर इंदापूरचा ऊंस उभा आहे, आणि इंदापूरकरांच्या बुडालेल्या जमिनीवर सोलापूर जिल्ह्याचा. एकाच तालुक्यानें एका बाजूनें घेतलें आणि दुसऱ्या बाजूनें दिलें. पूर्वीं ज्याच्यावांचून आपलें अडे तो शेजारच्या बांधावर उभा दिसे. आतां तो दिसत नाहीं, एवढाच फरक झाला आहे. परावलंबन वाढलें आणि त्याची जाणीव कमी झाली. यशस्वी मनुष्याला वाटणारी निश्चिंतता म्हणजे पुष्कळ वेळां दृष्टीचा हा दोष असतो.

आणि म्हणून दयाळूपणाचा प्रश्न आज जुन्या काळाहून कठीण झाला आहे. पूर्वीं गरज माणसाला हात धरून शेजाऱ्याच्या दाराशीं नेत असे. आतां तेथवर त्याला आपण होऊन जावें लागतें. अशा जाण्याची शक्ति या मुलखांत नाहीं असें कोणीं म्हणूं नये. देहूहून निघणारी तुकाराम महाराजांची पालखी दरवर्षीं उंडवडी, बारामती, सणसर, निमगांव केतकी, इंदापूर, सराटी अशी या दोन तालुक्यांतून जाते. काटेवाडीस परीट मंडळी धोतरांच्या पायघड्या घालतात, आणि धनगरांच्या मेंढ्या पालखीभोंवतीं रिंगण धरतात. बेलवाडीस अश्वांचें गोल रिंगण होतें. सराटीस नीरेंत पादुकांना स्नान घालतात. त्या दिवसांत वाटेवरच्या एकाहि घराचें दार लागलेलें नसतें. कोणी भाकरी देतो, कोणी पिठलें, कोणी वारकऱ्याच्या सुजलेल्या पायांना तेल चोळीत बसतो. तें चोळणारा लक्षाधीश बागाइतदार असूं शकतो, आणि ज्याचे पाय तो चोळतो त्याचें नांवहि त्यानें विचारलेलें नसतें. यांत परतफेडीची आशा नाहीं, सावडीचा हिशेब नाहीं. ‘आतां पूर्वींची माणुसकी राहिली नाहीं’ म्हणणाऱ्यांनीं तीन दिवस या रस्त्यावर काढावे.

पालखी आषाढांत पुढें जाते. दिवाळीच्या सुमारास याच रस्त्यांनीं दुसरी दिंडी येते. बीडकडून, नगरच्या कोरड्या तालुक्यांतून बायकामुलांसह ऊंसतोड मजूर येतात. कारखान्याच्या आवारांत किंवा फडाच्या कडेला कोप्या घालतात, आणि उन्हाळा लागेपर्यंत राहतात. मुकादमाकडून घेतलेली उचल त्यांना फेडावयाची असते. नवरा-बायकोच्या जोडीला कारखान्याच्या हिशेबांत ‘एक कोयता’ म्हणतात. दोन माणसें मिळून एक हत्यार! भाषेंत यश या शब्दाचें काय झालें हें आरंभीं सांगितलें. माणूस या शब्दाचें काय झालें तें येथें दिसतें. साखरेचा कारखाना सहकारी आहे, म्हणजे एका अर्थानें तो इर्जिकेचाच वारस आहे. परंतु त्याचा सभासद ऊंस लावणारा असतो, तोडणारा नसतो. वेस येथेंहि आहेच, जागा मात्र बदलली. वारकरी एक रात्र राहतो आणि त्याच्यावांचून आपलें कांहींच अडत नाहीं. कोयता पांच महिने राहतो आणि तो आला नाहीं तर सर्व जिल्ह्याचें यश फडांत वाळून जाईल. पाय चोळले जातात ते पहिल्याचे. याचें कारण क्रौर्य नव्हे, हें मी आग्रहानें सांगेन. तो बागाइतदार तोच असतो. वारकऱ्यापुढें आपण घेणारे आहों, पुण्य घेणारे, असें त्याला वाटतें. मजुराला मजुरी दिली म्हणजे देणें फिटलें असें वाटतें, आणि ज्याचें देणें फिटलें त्याच्याकडे पाहण्याची जरुरी भासत नाहीं. मजुरी योग्य असावी, मुलांना शाळा असावी, आजारांत औषध मिळावें, हें सर्व कायद्यानें आणि कारखान्यानें करावयाचें आहे, आणि १८७९ प्रमाणें येथेंहि दयेवर भिस्त ठेवून चालणार नाहीं. परंतु कायदा कोणाला ओट्यावर बसवून घेत नाहीं.

गेल्या कार्तिकांत निमगांवच्या अलीकडे मी एका घरासमोर गाडीची वाट पाहत उभा होतों. डोक्यावर वाढ्यांचा भारा घेतलेली एक ऊंसतोड बाई आली, भारा उतरवून ओट्याच्या कडेला टेकली. घरच्या म्हाताऱ्या बाई पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आल्या, आणि मग आंत जाऊन चहाहि घेऊन आल्या. ‘कुठली गं तूं?’ त्यांनीं विचारलें. ‘आष्टीकडची, मावशी.’ ‘तुमच्याकडं झाला का औंदा पाऊस?’ ‘दोनच झालं बगा,’ असें म्हणून तिनें बशी तोंडाला लावली. आणि दोघींचें बाजरीविषयीं बोलणें सुरू झालें.